तंजावूरच्या आकाशातली राहदारी

तंजावूरवरच्या या मालिकेत आतापर्यंत आपण जमिनीवरच फिरलो. मोठ्या देवळातला मराठी शिलालेख पाहिला, सरस्वती महालातले मोडी कागदांचे रुमाल पाहिले. आज मान जरा वर करायची आहे.

शहराच्या नैऋत्येला, पुदुक्कोट्टैच्या दिशेला हवाई दलाचा तळ आहे. २० जानेवारी २०२० रोजी तिथे २२२ क्रमांकाची स्क्वाड्रन दाखल झाली. टायगरशार्क्स हे तिचं नाव आणि ब्रह्मोस क्षेपणास्त्र वाहून नेणारी सुखोई-३० ही तिची विमानं. दक्षिण भारतात सुखोईची ही पहिलीच स्क्वाड्रन. पश्चिमेला हवेतून मोजलं तर जेमतेम चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर तिरुचिरापल्लीचा आंतरराष्ट्रीय विमानतळ आहे. आखाती देशांची आणि सिंगापूरची विमानं तिथे येतात-जातात. म्हणजे एका बाजूला लढाऊ विमानं, दुसऱ्या बाजूला प्रवासी विमानं आणि मध्ये कावेरीचा हिरवा पट्टा.

आता समजा, एखादा हौशी वैमानिक चार आसनी सेस्ना घेऊन पुदुच्चेरीहून मदुराईला निघाला. अंतर साधारण तीनशे किलोमीटर, वेळ दीड तास. नकाशावर पुदुच्चेरी ते मदुराई सरळ रेघ ओढून पाहा. ती तंजावूर आणि त्रिची यांच्या बरोबर मधून जाते, त्रिचीला थोडी जवळून. खाली रस्त्यानं जाणाऱ्या माणसाला वाटतं, वर केवढी मोकळी जागा आहे, याला कोण अडवणार? पण या वैमानिकाला इंजिन सुरू करण्याआधी दोन क्रमांक मिळवावे लागतात, मग रेडिओवर परवानगी मागावी लागते, मिळालेली परवानगी शब्दाला शब्द परत म्हणून दाखवावी लागते, आणि पुढच्या हद्दीत शिरताना पुन्हा नव्या माणसाकडे नवी परवानगी.

इंग्रजीत याला क्लिअरन्स म्हणतात. मराठीत याच्यासाठी जुने, चांगले शब्द आहेत: राहदारीचा परवाना, दस्तक. दुसऱ्याच्या मुलखातून माणसं, जनावरं, माल न्यायचा असेल तर हा कागद जवळ लागायचा. पेशवे दफ्तरात हे शब्द जागोजागी भेटतात. तंजावूरच्या सरफोजी राजांनाही ही गोष्ट नवी नव्हती. १७९९च्या तहानं राज्य कंपनीकडे गेलं आणि त्यांच्या हाती जवळपास किल्ल्यापुरतीच सत्ता उरली. पुढे १८२० ते १८२२ या काळात सुमारे तीन हजारांचा लवाजमा घेऊन ते काशीयात्रेला गेले. तो सगळा रस्ता कंपनीच्या छायेतला. राजा असला तरी वाट दुसऱ्याची होती.

पण आकाशाशी खरं नातं जमिनीपेक्षा समुद्राचं आहे. जमिनीवर चौकी बांधता येते, नाका घालता येतो. समुद्रावर कुंपण कसं घालणार? पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकाच्या सुरुवातीलाच त्याचं उत्तर काढलं. त्याचं नाव कार्ताझ. हिंदी महासागरात व्यापार करायचा तर आमचा कार्ताझ घ्या, नाहीतर जहाज जप्त. त्या कागदात काय लिहिलेलं असे? जहाज कोणतं, नाखवा कोण, जहाज केवढं, हत्यारं किती, निघालंय कुठून आणि जाणार कुठे. आणि वाटेत पोर्तुगीज बंदराला लागून जकात भरायची ती वेगळीच.

आता आजच्या हौशी वैमानिकाचा फ्लाइट प्लॅन शेजारी ठेवा. विमानाचा नोंदणी क्रमांक, प्रकार, निघण्याचं ठिकाण, वाट, उंची, पोचण्याचं ठिकाण, किती तास पुरेल इतकं इंधन, आत माणसं किती आणि विमानाचा रंग कोणता. हो, रंगसुद्धा. विमान हरवलं तर शोधायला जाणाऱ्याला ठाऊक हवा. कार्ताझमधला प्रश्न होता, तू आमचा की परका? फ्लाइट प्लॅनमध्ये तो प्रश्न आहेच, पण त्यात आणखी एक मिसळला आहे: तू संध्याकाळपर्यंत पोचला नाहीस तर तुला कुठे शोधू? हे दोन प्रश्न वेगळे आहेत. ते एकमेकांत मिसळले की काय होतं, तेच मला आज सांगायचं आहे.

कोकणात कान्होजी आंग्र्यांनी हेच तंत्र पोर्तुगीजांवर आणि इंग्रजांवर उलटवलं. सरखेलांचा दस्तक असेल तर जहाजाला वाट आणि संरक्षण, नसेल तर जप्ती. इंग्रजांचं म्हणणं असं की आमच्या जहाजांना दस्तक लागणार नाही, आणि ज्या देशी व्यापाऱ्याला आम्ही आमचा पास देऊ त्यालाही लागणार नाही. कान्होजींना हे मान्य होणं शक्यच नव्हतं. इंग्रजांच्या कागदांत त्यांना चाचे म्हटलं आहे. माझ्या मते त्या शिवीमागे एवढंच होतं की एकाच पाण्यात दोन दस्तक चालत नाहीत.

तंजावूरच्या किनाऱ्यावर तर गर्दी याहून मोठी. तरंगंबाडीला डेनिश, कारैकलला फ्रेंच, नागपट्टणमला आधी पोर्तुगीज आणि १६५८पासून डच. याच डचांच्या बाजूनं ह्युगो ग्रोशियस यानं १६०९ मध्ये समुद्र सर्वांना मोकळा असल्याचं पुस्तक लिहिलं होतं. पोर्तुगीजांची मक्तेदारी मोडेपर्यंत डचांना ते फार आवडलं. स्वतःचा अंमल बसल्यावर त्यांनीही पास द्यायला सुरुवात केली.

विमान आलं तेव्हा हाच वाद पुन्हा झाला. पॉल फोशी नावाचा फ्रेंच कायदेपंडित विसाव्या शतकाच्या आरंभी सांगत होता की हवा मोकळी आहे, ती कुणाच्या मालकीची नाही. मग पहिलं महायुद्ध झालं, शहरांवर आकाशातून बाँब पडले, आणि मोकळ्या हवेची भाषा बंद झाली. १३ ऑक्टोबर १९१९च्या पॅरिस करारानं ठरवलं की प्रत्येक देशाचं आपल्या भूमीवरच्या आकाशावर पूर्ण आणि एकट्याचं सार्वभौमत्व आहे. १९४४च्या शिकागो करारानं तेच पुन्हा म्हटलं. समुद्रात काही मैलांपलीकडे आजही मोकळं पाणी आहे. देशाच्या डोक्यावरच्या आकाशात मात्र मोकळं असं काही उरलं नाही.

अर्थात कायदा कागदावर असला तरी भारतातल्या पहिल्या हौशी वैमानिकांना तो फारसा जाणवत नव्हता. कान्होजी १७२९ मध्ये गेले. बरोबर दोनशे वर्षांनी, १० फेब्रुवारी १९२९ रोजी, जे. आर. डी. टाटांना भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी ते पुस मॉथ या छोट्या विमानातून टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला आले. तिथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते विमान बेल्लारीमार्गे मद्रासला नेलं. विमानात रेडिओ नव्हता. नदी, रेल्वेचे रूळ, डोंगराचा आकार आणि होकायंत्र यांवर सगळं चालायचं. परवानगी मागणार कुणाकडे, आणि मागणार कशी?

तंजावूरचं मैदान या मोकळ्या दिवसांतलं नाही. ते दुसऱ्या महायुद्धातलं आहे. एप्रिल १९४२ मध्ये जपानी आरमारानं कोलंबो आणि त्रिंकोमालीवर हल्ले केले, विशाखापट्टणम आणि काकिनाड्यावर बाँब टाकले, आणि कोरोमंडल किनारा एकाएकी युद्धाच्या हद्दीत आला. सिंगापूरच्या पाडावात मोडून गेलेली ब्रिटिश हवाई दलाची ३६ क्रमांकाची स्क्वाड्रन त्याच वर्षाच्या अखेरीस तंजावूरला पुन्हा उभी राहिली. वेलिंग्टन विमानं घेऊन ती बंगालच्या उपसागरात पाणबुड्या शोधायची. म्हणजे या मैदानाचा जन्मच पहाऱ्यासाठी झाला. मध्ये वायुदूतची छोटी विमानं चेन्नईहून इथे येत, पण प्रवासी पुरेसे मिळेनात आणि ती सेवा थांबली. मे २०१३ मध्ये संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी नव्या हवाई तळाचं उद्घाटन केलं आणि मैदान पुन्हा पूर्णपणे पहाऱ्याच्या कामाला लागलं.

आता रेडिओवरच्या परवानगीकडे येऊ. तिचं मूळ सार्वभौमत्वात नाही, गर्दीत आहे. लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावर १९२०च्या दशकात नियंत्रक वायरलेसवरून वैमानिकांशी बोलायला लागले, ते विमानं एकमेकांवर आदळू नयेत म्हणून. संकटात सापडलेला वैमानिक आजही मेडे, मेडे, मेडे असं तीनदा म्हणतो, तो शब्दही क्रॉयडनच्याच रेडिओ अधिकाऱ्यानं काढलेला. या परवानगीत हक्काचा, मालकीचा प्रश्न नाही. ती देणारा माणूस सांगतो: अमुक वेळी अमुक उंचीवर अमुक वाटेनं जा, तेवढी जागा मी तुझ्यासाठी रिकामी ठेवली आहे.

ही जागा ऐकण्यातल्या किंवा पाहण्यातल्या चुकीनं निसटते, आणि त्याची उदाहरणं आपल्या घराजवळही आहेत. मुंबईत सांताक्रूझचा मोठा विमानतळ आणि हौशी वैमानिकांचं जुहू यांच्यात फक्त काही किलोमीटरचं अंतर आहे. १५ जुलै १९५३ रोजी ब्रिटिश कंपनीचं एक कॉमेट जेट सांताक्रूझऐवजी जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरलं. सुखरूप उतरलं, पण ते तिथून बाहेर काढायला नऊ दिवस गेले. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सच्या डीसी-८नं तीच चूक केली. ते धावपट्टी ओलांडून पुढे गेलं आणि पुन्हा कधी उडलं नाही. माणसं मात्र वाचली. दोन्ही वेळा परवानगी योग्य होती आणि मैदान चुकीचं.

टेनेरीफला माणसं वाचली नाहीत. २७ मार्च १९७७, दाट धुकं, स्पेनच्या ताब्यातल्या बेटावरची धावपट्टी. डच विमानाला उड्डाणानंतरच्या वाटेची परवानगी मिळाली होती. उड्डाणाची मिळाली नव्हती. कप्तानानं विमान सोडलं, समोर धावपट्टीवरच दुसरं जंबो जेट होतं, आणि ५८३ माणसं गेली. तेव्हापासून ‘टेक-ऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचं, असा दंडक पडला. आपला सेस्नावाला नियंत्रकाचं वाक्य परत म्हणतो, त्या रीतीला टेनेरीफनंतर आणखी कडक शिस्त आली. ‘ठीक आहे’, ‘समजलं’ असं म्हणून भागत नाही. आकडे म्हणून दाखवावे लागतात.

आणि मग चरखी दादरी. १२ नोव्हेंबर १९९६ची संध्याकाळ. दिल्लीहून निघालेलं सौदी अरेबियाचं जंबो १४ हजार फुटांवर, दिल्लीकडे येणारं कझाक विमान १५ हजार फुटांवर. नियंत्रकानं कझाक वैमानिकाला समोरून येणाऱ्या विमानाची कल्पना दिली होती. कझाक विमान १५ हजारांवर थांबलं नाही, खाली आलं. दोन्ही विमानांतली सगळी, ३४९ माणसं मेली. न्यायमूर्ती रमेशचंद्र लाहोटी यांच्या आयोगानं चौकशी केली. इंग्रजीतल्या सूचना समजण्यातली अडचण, आणि बोलणाऱ्या रेडिओ ऑपरेटरसमोर स्वतःचं उंचीचं यंत्रच नसणं, अशा गोष्टी बाहेर आल्या.

पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त बोलकी वाटते. जाणारं आणि येणारं विमान एकाच वाटेवर समोरासमोर का होतं? कारण दिल्लीभोवतीचा आकाशाचा मोठा हिस्सा हवाई दलासाठी राखीव होता, आणि नागरी विमानांना येण्याजाण्यासाठी एकच अरुंद पट्टा उरला होता. चूक वैमानिकाची खरी. पण त्या चुकीला जागा अशी आखली होती की सावरायला एक हजार फुटांपलीकडे काही शिल्लक नव्हतं. म्हणजे पहाऱ्याचा प्रश्न आणि गर्दीचा प्रश्न एकमेकांच्या अंगावर आले. पुढे येण्याच्या आणि जाण्याच्या वाटा वेगळ्या केल्या गेल्या, विमानाची उंची दाखवणारी रडार आली, टक्कर टाळण्याचं यंत्र विमानांना सक्तीचं झालं. तरी मे २०२० मध्ये सरकारनं स्वतःच सांगितलं की भारताच्या आकाशापैकी साधारण ६० टक्केच नागरी विमानांना मोकळेपणानं वापरता येतं. हवाई दल सराव करत नसेल तेव्हा ते आकाश नागरी वाहतुकीला द्यायचं, अशी पद्धत आता हळूहळू रुळते आहे. ती याआधी यायला हवी होती.

तुम्ही म्हणाल, मग हौशी वैमानिकाच्या मागे एवढा ससेमिरा कशाला? चार आसनी विमान कुणाचं काय बिघडवणार? याची दोन उत्तरं आहेत.

१७ डिसेंबर १९९५च्या रात्री पश्चिम बंगालमधल्या पुरुलियात आकाशातून शेकडो रायफली आणि लाखो काडतुसं पडली. टाकणारं अँटोनोव्ह-२६ विमान लपूनछपून आलं नव्हतं. ते वाराणसीला उतरलं होतं, इंधन घेतलं होतं, त्याच्याकडे कोलकात्याला जाण्याची रीतसर परवानगी होती. मधेच वाट सोडून ते खाली आलं, काम केलं आणि पुढे निघून गेलं. काही दिवसांनी थायलंडहून परत येऊन मद्रासहून कराचीकडे जाताना त्याला मुंबईला उतरायला भाग पाडलं, तेव्हा कुठे माणसं हाती लागली. त्यातलाही मुख्य माणूस निसटलाच. कार्ताझ खिशात असला म्हणून जहाजाच्या पोटात काय आहे ते कळत नाही, ही पोर्तुगीजांचीही जुनीच अडचण होती.

दुसरं उत्तर तंजावूरच्या अगदी जवळचं. कोडियक्करैच्या टोकावरून श्रीलंकेचा जाफना भाग समुद्रापार पन्नासेक किलोमीटरवर आहे. २६ मार्च २००७ रोजी एलटीटीईच्या छोट्या विमानांनी कोलंबोजवळच्या कटुनायके हवाई तळावर बाँब टाकले. ती झेक बनावटीची झ्लिन जातीची विमानं होती, एक इंजिन, चार आसनं. म्हणजे हौशी वैमानिक रविवारी घेऊन उडतो तसलीच. या किनाऱ्यावर रडारवर दिसणाऱ्या लहान ठिपक्याकडे कुणी दुर्लक्ष करणार नाही, ते यामुळे.

म्हणून आपल्या सेस्नाला निघण्याआधी दोन क्रमांक लागतात. एक हवाई दलाकडून आलेला, हवाई संरक्षणाच्या परवानगीचा. तो सांगतो की हे विमान ओळखीचं आहे. दुसरा विमानतळ प्राधिकरणाच्या माहिती केंद्राचा. तो सांगतो की या उड्डाणाची आमच्याकडे नोंद आहे. नवशिके पुष्कळदा इथेच गफलत करतात. त्यांना वाटतं, दोन्ही क्रमांक मिळाले म्हणजे वाट मोकळी झाली. तसं नाही. हवाई दलाचा क्रमांक असला तरी त्रिचीच्या नियंत्रित आकाशात पाय ठेवण्याची मुभा त्यातून मिळत नाही. ती रेडिओवर, त्या घडीला, त्रिचीच्या नियंत्रकाकडून घ्यावी लागते. उलट त्रिचीचा नियंत्रक कितीही गोड बोलला तरी त्याचा होकार हवाई दलाच्या क्रमांकाची जागा घेत नाही. पहाऱ्याचा कागद वेगळा, रहदारीचा कागद वेगळा.

तर विमान पुदुच्चेरीहून उठलं. दिशा नैऋत्य. डोळ्यांनी पाहून उडणाऱ्यांचा नियम असा की पश्चिमेच्या अंगाला जाणाऱ्यानं सम हजार अधिक पाचशे फूट घ्यायचे, पूर्वेच्या अंगाला जाणाऱ्यानं विषम हजार अधिक पाचशे. म्हणजे हा साडेसहा हजारांवर, समोरून येणारा साडेपाच किंवा साडेसात हजारांवर. सूर्य मावळायच्या आत मदुराई गाठायला हवी, कारण असं डोळ्यांनी उडणं भारतात रात्री, काही स्थानिक अपवाद सोडले तर, चालत नाही. कोल्लिडम दिसायला लागते, तिच्या पलीकडे कावेरी, डावीकडे दूर धुरकट रेषेत तंजावूर. मोठ्या देवळाचं शिखर २०० फुटांच्या घरातलं, पण एवढ्या उंचीवरून ते शोधावंच लागतं.

तो त्रिचीला हाक देतो: मी कोण, कुठे आहे, किती उंचीवर आहे, कुठे जायचं आहे. पलीकडून उत्तर येईपर्यंत हद्दीच्या बाहेरच थांबायचं. नियंत्रकानं नुसतं ‘थांब’ म्हटलं तर त्याचा अर्थ थांब इतकाच, आत ये असा नाही. लागलं तर गोल फेऱ्या मारत बसायचं. मग परवानगी येते, बहुधा एखाद्या अटीसकट: तंजावूरच्या बाजूला सरकू नकोस, अमुक उंची सोडू नकोस, आखाताहून आलेलं एक विमान खाली उतरतंय ते दिसलं की सांग. वैमानिक सगळं परत म्हणतो. एक आकडा चुकला तर नियंत्रक तिथल्या तिथे दुरुस्त करतो, आणि वैमानिक पुन्हा म्हणतो. अर्ध्या मिनिटाचं काम. टेनेरीफला आणि चरखी दादरीला हेच अर्धं मिनिट पुरं पडलं नाही.

त्रिची मागे पडली की तोच नियंत्रक त्याला मदुराईच्या रेडिओवर जायला सांगतो. नवा माणूस, नवी हाक, नवी परवानगी. सरफोजींच्या काशीयात्रेत एका कलेक्टरची हद्द संपून दुसऱ्याची सुरू होत असेल, त्यासारखंच काहीसं.

जाता जाता एक व्यवहारातली गोष्ट. तुमच्यापैकी बरेच जण तंजावूरला येताना हल्ली ड्रोन घेऊन येतात. देवळाचं शिखर वरून टिपायचा मोह मला समजतो. पण २०२१च्या ड्रोन नियमांनी देशाच्या नकाशावर हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन रंग घातले आहेत. पिवळ्यात उडवायचं तर नियंत्रकाची परवानगी, लालमध्ये केंद्र सरकारची. शहराला लागून हवाई तळ आहे हे लक्षात ठेवा, आणि पेटी उघडायच्या आधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा पाहा. देवळाच्या आवारासाठी पुरातत्त्व खात्याची परवानगी वेगळी.

पुढच्या भागात किनाऱ्याकडे जाऊ, सरफोजींनी बांधलेल्या मनोऱ्यापाशी.